लाख-दीड लाखातली ऑक्टेव्हिया आरएस: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर आधी काय उघडायचं

सातारा-सांगली पट्ट्यात धूळ खात पडलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस अधूनमधून विक्रीला निघते. कुठल्या तरी बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये, चारही टायर बसलेले, बॅटरी उतरलेली. मागणी लाख-दीड लाखाची, आणि सोबत ठरलेलं वाक्य: "नवी बॅटरी टाका, एका सेल्फमध्ये चालू होईल." हे परीक्षण त्या अवस्थेतल्या गाडीचं आहे. निकाल आधीच सांगतो. इंजिन दणकट आहे, गिअरबॉक्स दणकट आहे, पण त्यांच्याभोवतीचं सगळं रबर आणि प्लास्टिक आता संपलेलं आहे. गाडीच्या किमतीएवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल तर बघायलाही जाऊ नये.

ही गाडी भारतात २००४ साली आली. जोडणी औरंगाबादजवळ शेंद्र्याला व्हायची. इंजिन १७८१ सीसीचं, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, आणि वर टर्बो. युरोपातली आरएस १८० पीएसची होती, आपल्याला १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटर मिळाले. आज १५० हा आकडा कुणाला फार वाटणार नाही. पण पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमपासूनच हाताशी येतो, त्यामुळे पसरणीच्या चढाला ट्रकमागून निघताना गिअर पाडावा लागत नाही. यातली मजा तिथेच आहे. हेच इंजिन त्या काळच्या गोल्फ, ऑडी ए३ आणि टीटीमध्येही होतं, म्हणून त्याची माहिती आणि पार्ट दोन्ही अजून मिळतात. दरवाजे, काचेच्या मशिनी, सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या १.९ डिझेल ऑक्टेव्हियाचे चालतात, आणि त्या डिझेल गाड्या भंगारात ढिगाने आहेत.

आता बघायला गेल्यावर. सांगलीची गाडी असेल तर इंजिनाआधी पूर बघा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत शहरातल्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या किती तरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. वास गेलेला असतो, सीट नव्या कव्हरमध्ये असतात, त्यामुळे वरवर काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या आतल्या भागावर मातकट रेघ दिसली की विषय संपला. मग स्टेपनीचा खड्डा, सीटच्या रेलचे बोल्ट, ब्रेक पेडलच्या वरचा पत्रा आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर टॉर्चने बघा. तांब्यावर हिरवी बुरशी आली असेल तर ती वायरच्या आत पुढे सरकत राहते आणि दर दोन महिन्यांनी नवा बिघाड देते. बुडालेली आरएस फुकट दिली तरी पार्टसाठीच घ्यावी, चालवण्यासाठी नाही.

पत्र्यासाठी एक छोटा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चारही फेंडर आणि दरवाज्यांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. रंग उडालेला चालेल, बंपर तुटलेला चालेल. पुढच्या चेसिस रेलला सुरकुती असेल तर मात्र नको.

इंजिन चालू होत असेल तर ते थंड असतानाच चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवणारा काहीतरी लपवतोय असं समजावं. चालू होताना दोन-तीन सेकंद, दोन कॅमशाफ्ट एकमेकांना जोडणाऱ्या चेनचा खडखडाट येऊन थांबला तर हेडमागच्या चेन टेन्शनरचं काम निघणार आहे. थांबलाच नाही तर किंमत मोठी कमी करून घ्या. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजणं जमत असेल तर मोजाच: निरोगी इंजिनात ९ ते १४ बार, झिजेची मर्यादा ७, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको.

विकणारा तयार असेल तर ओबीडी केबल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची) आणि लॅपटॉप लावून बिघाडाचे कोड वाचा. "चेक इंजिन"चा दिवा किल्ली फिरवल्यावर आधी लागलाच पाहिजे. अजिबात लागत नसेल तर मीटरमधला दिवा बंद केलेला असतो. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

गाडी दारात आली की सगळ्यांना रंग, रिम आणि स्टिरिओ सुचतात. ते सगळं शेवटी. पहिलं काम ऑइल, आणि ते नुसतं बदलून भागत नाही. या इंजिनाचं ऑइल चेंबर लहान आहे, टर्बो ऑइल तापवतो, आणि आपल्याकडे बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षं साधं मिनरल ऑइल ओतलेलं आहे. परिणाम असा की चेंबरच्या तळाशी डांबरासारखा गाळ बसतो, तो पंपाच्या जाळीत अडकतो, आणि वेगात असताना ऑइलचा लाल दिवा लागतो. मेकॅनिक म्हणतो स्विच खराब झालाय आणि स्विच बदलतो. पुढच्या महिन्यात टर्बो जातो.

म्हणून चेंबर खाली घ्यायचंच. फ्लायव्हीलच्या बाजूचे मागचे दोन बोल्ट चटकन दिसत नाहीत, त्यांना लांब दांड्याची अ‍ॅलन की लागते. ते विसरून चेंबर ठोकलं तर ते फुटतं, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचं आहे. जाळी खरवडून साफ करत बसू नये, पिकअप पाइप नवा घालावा, तो फार महाग नाही. चेंबरला गास्केट नसतं, सिलिकॉन लागतं. दोन-तीन मिलिमीटरची बारीक धार पुरे. जाड थापलं तर आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटून नव्या जाळीत जाऊन बसतं, आणि आपण आपल्या हाताने तोच रोग परत लावतो. बसवल्यावर किमान अर्धा तास थांबून मगच ऑइल भरा. फिल्टरसकट साधारण साडेचार लिटर, ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० हे लिहिलेलं हवं. फिल्टर टर्बो इंजिनाचा मोठा घ्या. आखूड फिल्टरही त्याच आट्यांवर बसतो, म्हणून दुकानदार तोच देतो. हे पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत काढून टाकायचं. ते काळंकुट्ट निघेल, निघू द्या.

टायमिंग बेल्टबद्दल मालक काहीही सांगो, पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पट्टा तुटला किंवा दात सरकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. वीस व्हॉल्व्हचं हेड वाकलं तर येणारा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. किलोमीटर कमी झालेत म्हणून पट्टा चांगला असेल हा हिशेब उभ्या गाडीला लागू होत नाही, रबर वयाने मरतं. किट घेताना पट्टा, रोलर, हायड्रॉलिक टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र घ्या. पंप याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तो वेगळा बदलायचा म्हटलं तर सगळं काम दुसऱ्यांदा. मूळ पंपाचा पंखा प्लास्टिकचा होता. तो दांड्यावर सैल होऊन नुसताच फिरतो, पाणी ढकलत नाही. टेंपरेचरचा काटा वर चढतोय आणि हीटर मात्र थंड हवा देतोय, असं असेल तर हेच झालेलं असतं. नवा पंप धातूच्या पंख्याचा मागून घ्या.

काम ड्रायव्हरच्या बाजूने होतं. चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोलून धरा, मग उजवं माउंटिंग सोडा. माउंटिंगचे मोठे बोल्ट ताणले जाणारे असतात, जुने परत वापरायचे नाहीत. टेन्शनर दाबण्यासाठी त्यात एम ५ची आट्यांची सळी, वॉशर आणि नट लावून हळूहळू आवळत जायचं. स्क्रूड्रायव्हर घालून जोरात दाबलं की आतलं सील फाटतं आणि महिन्याभरात ऑइल पाझरायला लागतं. कॅमची खूण व्हॉल्व्ह कव्हरवरच्या खुणेशी आणि क्रँकपुलीची खूण खालच्या खुणेशी जुळवून पट्टा चढवा. मग क्रँक हाताने, गोटी पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका. हे दोन फेरे टाळून सरळ सेल्फ मारणारा मेकॅनिक असेल तर गाडी तिथून उचला.

कुलंटमध्ये गडबड हमखास असते. या गाडीला गुलाबी जी १२ जातीचं लागतं. कुणीतरी वरून हिरवं ओतलेलं असतं, आणि दोन्ही मिळून तपकिरी चिखल होतो. टाकीत तो दिसला तर साध्या पाण्याने, थर्मोस्टॅट काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग नवा ८७ अंशाचा थर्मोस्टॅट, प्लास्टिकचा कुलंट फ्लँज आणि चार पिनांचा टेंपरेचर सेन्सर एकदमच बदला. तिन्हींचं वय झालेलं आहे. एसी लावल्याबरोबर रेडिएटरचे दोन्ही पंखे फिरले पाहिजेत. फिरत नसतील तर आधी मोटर, मग फॅन कंट्रोल युनिट तपासा. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या गर्दीत काटा चढतो आणि हायवेला उतरतो, तो याचमुळे.

एवढं झालं की गाडी चालण्याजोगी होते, पण ओढणार नाही. तक्रार ठरलेली: "टर्बो गेलाय." दहात आठ वेळा टर्बो गेलेला नसतो, हवा गळत असते. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतचे होजपाइप, इनटेक मॅनिफोल्डखालच्या (इंजिनातली वाफ काढणाऱ्या) ब्रीदर नळ्या, त्यांचे वन-वे व्हॉल्व्ह, बारीक व्हॅक्यूम नळ्या, हे सगळं रबर दोन दशकं तापून बिस्किटासारखं झालेलं असतं. एक नळी बदलली की दबाव वाढतो आणि शेजारची फुटते. म्हणून ब्रीदरचा सगळा संच एकदम बदलणं शेवटी स्वस्त पडतं. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर टर्बोची जादा हवा वळवणारा) पडदा फाटलाय का ते बघायला तो काढा, पिस्टन दाबा, वरच्या नळीला बोट लावा आणि सोडा. बोट ओढलं गेलं तर पडदा शाबूत.

लॅपटॉपवर अंदाज करत बसायची गरज नाही. मेझरिंग ब्लॉक ०३२ उघडा, इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते त्यात दिसतं. पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा, दोन्ही उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत हवेत. आयडलचा आकडाच अधिककडे पळालेला असेल तर कुठेतरी हवा आत शिरतेय. आयडल ठीक आणि दुसरा आकडा चढलेला असेल तर एअर मास सेन्सर मेलेला किंवा पेट्रोल पंप दमलेला. मग ब्लॉक ११५: मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट शेजारी दिसतात. तिसऱ्या गिअरमध्ये, रिकाम्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्याने वाचायचं, चालवणाऱ्याने नव्हे. पी १२९७ हा कोड आला की फुटका किंवा निसटलेला होजपाइप शोधा, पी ११३६ आला की व्हॅक्यूमची गळती. थ्रॉटल साफ केला असेल तर किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून, ०६० मध्ये बेसिक सेटिंग करून घ्या. नाहीतर आयडल हेलकावे खात राहील आणि लोक विनाकारण नवा थ्रॉटल विकत घेतील.

मिसफायर (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) असेल तर ज्या सिलिंडरचा कोड आहे त्याची इग्निशन कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. कोड सोबत सरकला तर कॉइल दोषी. चारही बदला, एकेक करत बसू नका. प्लग एनजीकेचे पीएफआर६क्यू, गॅप ०.८ मिमी, आवळायचा टॉर्क ३० न्यूटन मीटर. प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट आधी.

टर्बो खरंच तपासायचा तर टर्बोत हवा नेणारा पाइप काढून दांडा बोटाने हलवा. बाजूला किंचित हललेला चालतो, मागे-पुढे हलला किंवा पाती आवरणाला घासली असतील तर नाही. नवा बसवताना ऑइल आणणारी बारीक पोलादी नळीही नवीच घाला. जुनीच्या आत कोळसा धरलेला असतो, आणि तिनेच पहिला टर्बो मारलेला असतो.

ब्रेकवर कंजुषी नको. सज्जनगड, यवतेश्वर, पसरणी, कुठेही जा, येताना उतारच आहे. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते आणि उभ्या गाडीत तिचा लिव्हर गंजून अर्धवट अडकतो. मग चाक चालताना तापत राहतं आणि जळका वास येतो. हँडब्रेक सोडल्यावर लिव्हर पूर्ण मागे येतोय का ते हाताने बघा. नवे पॅड घालताना मागचा पिस्टन सरळ दाबायचा नसतो, दाब देत घड्याळाच्या दिशेने फिरवत आत न्यायचा. सी-क्लँपने दाबला की आतलं तुटतं आणि कॅलिपर भंगारात जातो. आपल्याकडे हे फार होतं. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियर लावून ताडून बघा, त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही. डॉट ४ ब्रेक ऑइल एक लिटर घ्या आणि जुनं सगळं काढून टाका. रबरी ब्रेक होजही त्याच वेळी.

सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉकअपच्या वरची बेअरिंग, हे चार बदलले की खडखडाट जवळजवळ संपतो. टायर २०५/५५ आर १६, रिमचं पीसीडी (बोल्टच्या भोकांचं वर्तुळ) ५x१००. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी तारीख बघा, सहा-सात वर्षांपुढचा टायर पावसात महामार्गावर नको. एक्सलचे आतले बोल्ट बारा टोकांच्या स्प्लाइनचे असतात. त्यात अ‍ॅलन की ठोकून घालणारे महाभाग सगळीकडे आहेत. आधी बोल्टच्या डोक्यातली माती खरवडा, मग योग्य की हलक्या हातोडीने पूर्ण बसवा, मग सोडा. गिअर ऑइल सुमारे दोन लिटर, ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ प्रतीचं.

साताऱ्याच्या पावसाचा एक खास धोका आहे. पुढच्या काचेखालच्या, वायपरजवळच्या खोबणीत पानं साचतात आणि पाणी जायची भोकं बुजतात. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, त्याच खोबणीत बसवलेला आहे. गाडी आंब्या-जांभळीखाली उभी असेल तर झाकण काढून आधी हे साफ करा. ईसीएम भिजला तर भंगारातला दुसरा आणून चालत नाही, इमोबिलायझरमुळे (चोरी रोखणाऱ्या लॉकमुळे) मीटर आणि ईसीएम जोडीने कोड केलेले असतात. किल्ल्या दोन आहेत का हे व्यवहारातच विचारा. डिकीचं लॉक आणि मागचा वायपर बंद असेल तर झाकणाच्या बिजागरीतली वायर तुटलेली असते, मोटर नव्हे. छताचं कापड लोंबणारच, ते कोणताही सीटवाला बसवून देतो.

जुनं पेट्रोल पूर्ण उपसा. पंप मागच्या सीटखाली आहे. हल्ली पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीतला जुना साका सोडवतं आणि फिल्टर बुजवतं. फिल्टर लगेच एक आणि हजार किलोमीटरनंतर दुसरा घाला, बाणाची दिशा बघून. रबरी नळ्या एसएई जे३० आर९ छापलेल्या घ्या आणि गाडी टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने उभी करू नका.

पार्ट कुठून? सातारा आणि कुपवाड एमआयडीसीत लेथचं काम, बुश दाबणं, तुटलेला स्टड काढणं हे सगळं उत्तम होतं. इंजिनाचे पार्ट मात्र पुण्यातून, चेसिस नंबर सांगून मागवा. भंगारातून दरवाजे, आरसे, दिवे, सीट, काचेच्या मशिनी खुशाल घ्या. रबर, बेल्ट, पंप, सेन्सर, कॉइल, ब्रेकमधलं काहीही भंगारातून नको.

कागदांचं काम दुरुस्तीनंतर येतं, कारण फिटनेससाठी ब्रेक, दिवे, हॉर्न, पीयूसी सगळं धड लागतं. पंधरा वर्षं उलटलेली असल्याने फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, वर पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. केंद्राची नूतनीकरण फी पाच हजार, पण २०२५च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार, आणि २००४-०५ची आरएस त्यात येते. किंमत ठरवताना हे वजा करा. पासिंग एमएच १० चं असो, ११ चं असो की ५० चं, ऑनलाइन नोंदीत चलन, विमा आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मालकानेच आणायचं. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्या. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावावर गाडी चढल्याशिवाय विसारापलीकडे एक रुपया देऊ नका.